फनस्कूलचे जुने जी. आय. जो : आतलं रबर तुटून दोन तुकडे झालेत, जोडायचे कसे?

आचरा_खाडी

नमस्कार मंडळी. आधी प्रश्न, मग बाकीचं.

माझ्याकडे फनस्कूल कंपनीचे जी. आय. जो, म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे सैनिक बाहुले आहेत, लहानपणचे. छातीच्या आतलं रबरी कडं तुटल्यामुळे सगळ्यांचे कमरेपाशी दोन तुकडे झालेत. पाठीतला स्क्रू गंजलाय. मला हे उघडून नवीन रबर घालायचंय. कुठलं रबर घ्यायचं, कुठे मिळेल आणि गंजलेला स्क्रू प्लॅस्टिक न फोडता कसा काढायचा, हे कुणी स्वतः केलं असेल तर सांगा. मी मालवण तालुक्यात आचऱ्याला असतो. मालवण, कणकवली, कुडाळ इथे मिळण्यासारखं असेल तर उत्तम.

आता बाकीचं. यंदा शाकारणीला गडी कौलं उतरवायला चढले, तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान खाली खळ्यात आणून ठेवलं. त्यात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. उघडला तर आत फ्लिंट, मेजर ब्लड, स्टॉर्म शॅडो आणि आणखी काही जण. धडं एकीकडे, पाय एकीकडे. फ्लिंटच्या पाठीच्या फटीतून रबराचा तुकडा डोकावत होता. बोटात धरला तर कोकमाच्या वाळक्या सालीसारखा कडक, आणि दाबताच मोडला. गुडघ्याच्या सांध्यात अजून लाल माती आहे. ती आमच्या गडग्याची. ह्यांची सगळी युद्धं गडग्यावरच व्हायची. चिऱ्यातली भोकं ह्या पावणेचार इंची माणसांना बरोब्बर पुरायची. फ्लिंट पाय दुमडून एका भोकात बसे आणि नुसती बंदूक बाहेर काढे.

काका मुंबईहून गणपतीला यायचे, तेव्हा दर वर्षी एक जण आणायचे. पाकिटावरची किंमत ब्लेडने खरवडलेली असायची, आईने विचारू नये म्हणून. तोवर आमच्या घरात खेळणी म्हणजे सावंतवाडीची. लाकडी केळी, आंबे, फणस, बैलगाडी, पोळपाट-लाटणं. रंग इतके देखणे की अजून डोळ्यासमोर आहेत, पण ती खेळणी जागची हलत नसत. हा माणूस मात्र सगळीकडून हले. मान वळे, कोपर वाके, कोपराच्या वरून दंड गोल फिरे, कंबर वळे, गुडघा दुमडे. दोन्ही हातांनी बंदूक धरून नेम धरता येई. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने 1982 साली ह्या मापाचे पहिले जो काढले, तेव्हा त्यांचे दंड असे फिरत नसत. ती सोय 1983 पासून आली, आणि आपल्याकडे आले ते फिरत्या हाताचेच. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फक्त तो दंड फिरवत बसायचो. जेवताना, अभ्यास करताना, आईने दिवेलागणीला हाक मारेपर्यंत.

पाकिटाच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्या माणसाची कुंडली असे, इंग्रजीत. टोपणनाव, खरं नाव, जन्मगाव, हुद्दा, काय काय येतं, आणि खाली चार ओळींत स्वभाव. मी मराठी शाळेतला, मला ते वाचता येत नसे. बाबा पडवीत बसून वाचून दाखवायचे आणि मराठीत सांगायचे. फ्लिंटचं जन्मगाव विचिटा, राज्य कॅन्सस. बाबांनी नकाशाचं पुस्तक काढून ते गाव मला दाखवलं होतं. मेजर ब्लड सिडनीचा. त्याच्याबद्दल लिहिलं होतं की हा कविता करतो. बाबांना ते फार आवडलं. कविता करणारा माणूस आपल्या बाजूचा, असं ते म्हणाले आणि तेच कायम झालं. डोळ्यावर पट्टी, ओठावर मिशी आणि एक चिलखती हात असलेला मेजर ब्लड आमच्या गडग्यावर शेवटपर्यंत चांगल्या लोकांचा सरदार राहिला.

तो खरं म्हणजे कोब्राचा, म्हणजे दुष्टांचा भाडोत्री सैनिक. हे मला कार्टून पाहिलं तेव्हा समजलं. मे महिन्यात मुंबईला काकांकडे गेलो होतो, तिथे केबलवर लागायचं. जो लोकांच्या बंदुकीतून लाल किरण, कोब्राच्या बंदुकीतून निळे. विमान पडलं की वैमानिक हमखास छत्री उघडून तरंगत खाली. मेजर ब्लड तिकडे कोब्रा कमांडरच्या मागे मागे फिरताना बघितला, पण आचऱ्याला परत आल्यावर मी त्याची बाजू बदलली नाही.

डबा सापडल्यापासून ते भाग रात्री पुन्हा बघतोय. 1985 च्या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांसाठी एक छोटा धडा असायचा. त्यातला आगीचा धडा लागला तेव्हा मी ताडकन उठून बसलो. दार उघडण्याआधी हात लावून बघा गरम आहे का, धुरात उभं राहू नका, जमिनीलगत रांगत बाहेर पडा. माझ्या लेकीला मी नेमके हेच शब्द सांगत आलोय. ते माझ्याकडे कुठून आले, ते आता कळलं.

तर मंडळी, मला हे काचेच्या कपाटात ठेवायचे नाहीत. हातात हवेत, पाय दुमडून बसणारे, नेम धरणारे. जाणकारांनी सांगा.

---

पंपवाला_कणकवली

आचरेकर, काळजी करू नका, हे जोडण्यासारखंच खेळणं आहे. तुम्ही रबरी कडं म्हणताय ती साधी ओ-रिंग. पाण्याच्या पंपात, नळाच्या बैठकीत, होडीच्या मशीनमध्ये असते तीच. माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझ्या मुलाचे दोन जो मी जोडलेत, म्हणून सांगतो.

आधी स्क्रू. गंजलाय म्हणजे डोक्याची फुली भरली असणार. टाचणीने ती फुली कोरून साफ करा. मग काडीच्या टोकावर गंज सोडवायच्या तेलाचा एकच थेंब घ्या आणि फक्त स्क्रूच्या डोक्यावर ठेवा. फवारा मारू नका. तेल प्लॅस्टिकवर पसरलं तर रंग मऊ होतो आणि ताण असलेल्या जागी चीर पडायची भीती. रात्रभर राहू द्या, सकाळी पुसून काढा. स्क्रू ड्रायव्हर घड्याळवाल्याकडचा घ्या, फुलीत घट्ट बसणारा. आधी जरासा आवळायच्या दिशेने दाबा, म्हणजे गंजाची पकड सुटते, मग उलटा फिरवा.

पाठ निघाली की डोकं आणि दोन्ही हात सुटे होतात, दचकू नका. छातीच्या आत मधोमध एक खांब दिसेल, स्क्रू त्यातच जातो. रिंगचं वरचं टोक त्या खांबाला अडकतं. खालचं टोक कमरेच्या तुकड्यातून जाऊन पायांमधल्या धातूच्या हुकाला अडकतं. सगळं शरीर त्या एका रिंगच्या ताणावर उभं असतं. हूक गंजलेला असेल तर बारीक पॉलिश पेपर मारा, कोरडा करा आणि बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्या. आपल्या खाऱ्या हवेत तेवढं केलंच पाहिजे.

रिंग घ्यायला जुनी मोडकी रिंग नेऊ नका, ती ताणून वाढलेली असते. एक अख्खं धड आणि पाय घेऊन जा आणि दुकानातच घालून बघा. जाड रिंग घ्यायचा मोह होतो, पण ती घेऊ नका. ताण जास्त झाला की दोन मांड्यांच्या मधला प्लॅस्टिकचा बारीक भाग तुटतो, आणि तो तुटला की मग काही खरं नाही. काळी नायट्राइल रबराची रिंग सगळीकडे मिळते आणि चालते. पण हवेतल्या ओझोनने आणि उष्णतेने तिला भेगा पडतात, तुमची तशीच गेली असणार. ईपीडीएम ह्या दुसऱ्या रबराची मिळाली तर ती घ्या. तेलाशी तिचं वाकडं, पण हवेत ती जास्त टिकते, आणि इथे तेलाचा संबंधच नाही. फक्त खोबरेल, व्हॅसलीन असलं काही तिला लावू नका, फुगेल.

बंद करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. स्क्रू ठेवून आधी उलटा फिरवा. टक्‌ असा हलका आवाज येईल, म्हणजे तो जुन्या आट्यांत बसला. मगच आवळा, आणि पाठ मिटली की थांबा. गंजलेला स्क्रू परत घालू नका. त्याच मापाचा स्टेनलेस चष्मेवाल्याकडे किंवा मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळतो.

---

भाट्ये_किनारा

वाचून इतका आनंद झाला की आधी सगळ्यांचे आभार. मी रत्नागिरीची. आमच्या वाडीत हे जो मुलांकडे होते आणि मी त्यांच्याकडून उसने घेऊन खेळायचे. मला कोब्राची बॅरोनेस हवी होती, ती कुणाकडेच नव्हती. 1982 च्या पहिल्या तुकडीत स्कार्लेट ही एकटी बाई होती हे मला मोठेपणी कळलं. तिचं चित्र मी वहीच्या शेवटच्या पानावर कितीदा काढलंय. अजून कुठे कागद-पेन दिसलं की हात आपसूक तिचा पोनीटेल काढायला लागतो.

आचरेकरदादा, तुमच्या बाबांनी वाचून दाखवलेल्या त्या कुंडल्या लॅरी हामा ह्या माणसाने लिहिल्या आहेत. तोच मार्व्हलच्या कॉमिकचा लेखक. हे कॉमिक 1982 ते 1994 असं 155 अंक चाललं. त्यातला 21वा अंक 1984 चा, आणि त्यात एकही शब्द नाही. ना संवाद, ना निवेदन. जो लोकांतला स्नेक आइज स्कार्लेटला सोडवायला जातो आणि तुमचा स्टॉर्म शॅडो त्यात पहिल्यांदा येतो. मला तो अंक मुंबईत फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत मिळाला आणि तिथेच उभ्याने वाचून काढला. हा अंक तुमच्याकडे लहानपणी असता, तर बाबांना मराठी करून सांगावं लागलंच नसतं. हामाने 2010 साली तीच गोष्ट 155 आणि अर्धा अशा क्रमांकापासून पुन्हा सुरू केली आणि 300 च्या पुढे नेली. एखाद्या माणसाने इतकी वर्षं त्याच माणसांची काळजी वाहावी, ह्याचं मला फार अप्रूप आहे.

आता कामाचं. मी संग्रहालयात कापड आणि कागद जतन करायचं काम करते, प्लॅस्टिक त्याच्या शेजारचंच. लाल माती काढायला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ जुना टूथब्रश. ब्लीच नको, नेलपॉलिश काढायचं द्रव्य तर अजिबात नको, त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिकच विरघळतं. उघडलेला असतानाच धुवा, म्हणजे आत पाणी अडकणार नाही, आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या.

स्टॉर्म शॅडो पिवळा पडलाय का? पांढऱ्या प्लॅस्टिकचा तो स्वभावच आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची एक पद्धत लोक सांगतात. पांढरं होतं, पण पुष्कळदा पुन्हा पिवळं पडतं आणि त्याच्या हातावरची लाल खूणही फिकी होऊ शकते. मी असते तर पिवळाच ठेवला असता.

आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आपण सवयीने टाकतो त्या डांबरगोळ्या ह्यांच्या जवळपासही नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडून चिकट होतं. मऊ पारदर्शक पिशव्याही नकोत, त्यातलं मऊपणाचं द्रव्य खेळण्यात उतरतं. झाकणाचा कडक डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात त्या पुड्या बदलायच्या.

---

चाकरमानी_लालबाग

दादा, थांबा जरा. उघडण्याआधी चौकशी करा असं माझं मत. फनस्कूलच्या जोंना बाहेर चांगली मागणी आहे. आपल्याकडे हॅस्ब्रोचेच साचे वापरले, पण रंग वेगळे दिले, अगदी भलतेच. अमेरिकेत जो हिरवा तो इथे निळा, असं. म्हणून तिकडचे संग्राहक आपले शोधत असतात. मूळ स्क्रू, मूळ पुठ्ठा असेल तर किंमत वेगळी. पुठ्ठे ठेवलेत का? स्टेनलेस स्क्रू घातलात की तो मूळ राहिला नाही.

---

आचरा_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देतो.

पंपवालेदादा, तुमचं उत्तर छापून घेतलंय. उलटा फिरवून टक्‌ आवाजाची वाट बघायची, हे तर कुणी सांगितल्याशिवाय कळलंच नसतं.

भाट्ये ताई, बिनशब्दांच्या अंकाचं वाचलं आणि लगेच बाबांना फोन लावला. ते आता बहिणीकडे चिपळूणला असतात. त्यांना फ्लिंटचं विचिटा अजून आठवतं. ते म्हणाले, त्या पुठ्ठ्यांवरची इंग्रजी फार चांगली होती, लिहिणारा कुणीतरी मन लावून लिहिणारा होता. त्याचं नाव तुमच्यामुळे आज त्यांना कळलं. डांबरगोळ्यांचंही बरं झालं सांगितलंत. त्या डब्यात आईने टाकलेल्या होत्याच, त्यामुळेच बहुतेक एकाची बंदूक चिकट लागतेय. स्टॉर्म शॅडो पिवळाच राहील.

लालबागकर, तुमचा हेतू चांगला आहे हे समजतं. पुठ्ठे आहेत, बाबांनी पुस्तकात घालून ठेवले होते. पण मला हे विकायचे नाहीत. आणि मूळ म्हणाल तर ह्या खेळण्याची मूळ कल्पनाच ही आहे की पाठीत एक स्क्रू आहे आणि तो उघडतो. आत खांब, रिंग, हूक, एवढंच. ज्या कुणी हे बनवलं त्याने ते उघडता यावं असं बनवलं. आज लेकीसाठी खेळणं आणलं तर ते सगळीकडून चिकटवून बंद केलेलं असतं, मोडलं की कचऱ्यात. हा फ्लिंट इतक्या पावसाळ्यांनंतरही एका रिंगवर पुन्हा उभा राहू शकतो. मला त्याचा हा गुण वापरायचा आहे, जपून ठेवायचा नाही. म्हणून स्क्रू स्टेनलेसचाच बसेल.

---

देवबाग_तारकर्ली

आचरेकरानू, कणकवलीक कित्या जातास? मालवणात बंदराकडे आउटबोर्ड मशीनची कामा करणारे असत, तेंच्याकडे वायल्या वायल्या मापाच्या रिंगांचो डबोच असता. धड घेवन जावा आणि थंयच घालून बघा. माझ्याकडे डेस्ट्रो होतो, चंदेरी तोंडाचो. पावसात व्हाळात व्हावत गेलो तो गेलोच. माका अजून वायट वाटता. तुमचे जोडून झाले काय फोटो टाका, माका बघूचे आसत.

---

तिसवाडी_गोवा

उशिरा वाचलं, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. तुम्ही म्हणताय काका मुंबईहून आणायचे. फनस्कूलचा कारखाना मुंबईला नव्हे, आमच्याकडे गोव्यात. जुन्या गोव्याच्या पुढे कोर्लिमची औद्योगिक वसाहत आहे, पणजीहून फोंड्याला जाणारी बस तिथूनच जाते. एमआरएफ टायरवाल्यांनी हॅस्ब्रोबरोबर ही कंपनी काढली 1987 च्या सुमाराला, आणि कारखाना घातला तो कोर्लिमला. म्हणजे तुमचा फ्लिंट आचऱ्याच्या दक्षिणेला, ह्याच किनाऱ्यावर तयार झाला, मुंबईच्या दुकानात गेला आणि गणपतीच्या एसटीने परत खाली आला.

मी लहानपणी त्या बसने आजोळी जायचो. खिडकीतून वसाहतीच्या भिंती दिसायच्या आणि आत स्नेक आइज तयार होतोय ह्या विचाराने मी मान मोडेपर्यंत मागे बघत राहायचो. स्नेक आइज माझा सर्वांत लाडका. 1982 मध्ये तो पूर्ण काळा का ठेवला माहिती आहे का? रंगकामाचा खर्च वाचवायला. एक माणूस बिनरंगाचा सोडला तर बाकीच्यांच्या रंगाला पैसे उरतात, असा हिशोब. आणि तोच सगळ्यांत लोकप्रिय झाला. त्याचं खरं नाव पुठ्ठ्यावर गुप्त ठेवलेलं असायचं, आम्ही भावंडं रात्री अंथरुणात त्याला नावं ठरवायचो.

---

आचरा_खाडी

तिसवाडीकर, तुमचं वाचून मी बराच वेळ काही टाइपच करू शकलो नाही. लहानपणी मला वाटायचं ही माणसं फार लांबून आलीत. विचिटाहून, सिडनीहून. मुंबई हा त्यातला शेवटचा टप्पा. आणि ती तर गोव्याची निघाली. लहानपणी शांतादुर्गेला जाताना आम्ही फोंड्याला कितीदा गेलोय. पणजीहून गेलो असू तर त्याच रस्त्याने गेलो असणार. काका आता नाहीत, नाहीतर त्यांना आधी सांगितलं असतं. काकूला सांगितलं. ती म्हणाली, ते दादरला दुकानात तासभर उभे राहायचे, कुठला घ्यावा ह्याचा विचार करत, आणि एकदा तर गाडी चुकता चुकता राहिली होती.

आता कामाची बातमी. देवबागकरांचं ऐकून मालवणात बंदराकडे गेलो. मशीनवाल्याने आधी धडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग काही न विचारता डबा पुढे केला. ईपीडीएम नव्हती, काळी नायट्राइल घेतली. पहिली जाड निघाली, दुसरी बसली. स्क्रू चष्मेवाल्याकडे मिळाले. घरी येऊन फ्लिंट उघडला. हुकावर गंजाचा पापुद्रा होता, तो घासून नेलपॉलिश लावलं, लेकीचं, तिला विचारून. रिंग खांबावर ओढून घालायला तिचेच बारीक हात कामाला आले, माझी बोटं आत जात नव्हती. मी डोकं धरलं, तिने दोन हात जागेवर ठेवले आणि पाठ लावली. उलटा फिरवला, टक्‌ आवाज आला. आवळला.

फ्लिंट उभा राहिला. कंबर वळते, पाय दुमडतो, दोन्ही हातांनी बंदूक धरतो. लेकीने पहिल्यांदा काय केलं तर दंड गोल फिरवला, आणि मग फिरवतच राहिली. मी काही सांगितलं नव्हतं.

स्टॉर्म शॅडोही जोडला. मेजर ब्लड राहिलाय, त्याचं एक अडलंय. रिंग वगैरे ठीक, पण चांगल्या हाताचा अंगठा मुळाशी चिरलाय, अजून तुटलेला नाही. पिस्तूल त्या मुठीत बसतं, पण आत सरकवायला गेलो की चीर उघडते. चिकटवू का? झटपट चिकटणारा गोंद घरात आहे.

---

पंपवाला_कणकवली

तो गोंद लावू नका! त्याच्या वाफेने भोवती पांढरी साय धरते आणि काळ्या रंगावर ती उठून दिसते. शिवाय तो कडक होतो, पिस्तूल घालायच्या ताणाला पुन्हा तिथेच तुटेल. अंगठा हा ह्या खेळण्याचा सगळ्यांत नाजूक भाग, आणि पिस्तूल थंड असताना दामटून घालण्यानेच तो जातो. हात गरम पाण्यात धरा, उकळतं नको, चहा पिण्याइतपत. प्लॅस्टिक मऊ झालं की पिस्तूल हळूच सरकवा आणि मग परत काढू नका. चीर भरायला मॉडेलवाले वापरतात ते पातळ प्लॅस्टिक सिमेंट लागतं. ते चिरेत शिरून दोन्ही बाजू एकमेकांत विरघळवून जोडतं. सुईच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच लावायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही.

माझ्याकडे बाटली आहे, मुलाच्या विमानांसाठी आणलेली. उगाच विकत घेऊ नका, ती महाग असते आणि उघडली की उडून जाते. शनिवारी संध्याकाळी दुकानावर या, मेजरला घेऊन. लेकीलाही आणा, रिंग घालायला तिचे हात चांगले आहेत असं दिसतंय, माझ्याकडे मुलाचा एक जो अजून उघडाच पडलाय.

---

भाट्ये_किनारा

मेजरचा पुठ्ठाही न्या बरोबर, आणि पंपवाल्यांना त्यावरची मेजरची कविता वाचून दाखवा. आणि आचरेकरदादा, मराठी केलीत तर इथेही टाका.